रोलमधले शेवटचे तीन फोटो

बोईसर,
बुधवार, दि. २२ एप्रिल १९८७,
दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे.

ती. सौ. आनंदीताईस,

हरेश्वरचा नमस्कार. भावोजींना नमस्कार सांग. पोरांना आशीर्वाद.

हे लिहायच्या अगोदर मी एका आल्बमला कोपरे चिकटवत होतो. एका पानावर चार फोटो, म्हणजे सोळा कोपरे, आणि एक जरी वाकडा बसला तरी मला सगळं पान वाकडं दिसतं. एवढ्यात वऱ्हाडीने डिंकाच्या बाटलीत तोंड घातलं. त्याचं तोंड पुसलं, हात धुतले आणि म्हटलं, आता पत्रच लिहू.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. कामामुळे उत्तराला उशीर झाला असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. काम आहे, तरी पत्र लिहिता येणार नाही इतकं नाही. लग्नसराईत शनिवार-रविवारच धावपळ असते. मधल्या वारी कारखान्यातले लोक फोटो काढायला येतात. काल एक जण गावी बायकोला पाठवायला फोटो काढून गेला. म्हणाला, "भाईसाब, थोडा गोरा कर देना, नहीं तो वो समझेगी मैं भट्ठी में काम करता हूँ." मी विचारलं, मग कुठे करता? तर म्हणाला, "भट्ठी में ही."

उन्हाळा कडक आहे. तात्यांचा खोकला कमी आहे का? एडवणला त्यांच्याकडे जाऊन आलीस तर कळव.

आता फोटोंबद्दल. तू लिहिलंस की मंदाच्या भावाच्या लग्नाचे फोटो सगळ्यांना आवडले, पण एका पाकिटात "भलतेच तीन फोटो" निघाले. ते कसे निघाले हे मी नीट सांगतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही.

माकुणसारच्या लग्नात शेवटच्या रोलचे तीन फोटो उरले होते. नवरीने माप ओलांडलं, तो तेहतिसावा. नंतर सगळे जेवायला बसले. जेवतानाचे फोटो मी काढत नाही, माणसाचं तोंड चांगलं येत नाही. उरलेले फोटो वाया घालवायला जीव होत नाही, म्हणून असे मी घरी आल्यावर काढतो आणि मग रोल मुंबईला धुवायला पाठवतो. दर लग्नातले दोन-तीन असेच उरतात. प्रिंट आल्या की घरचे वेगळे काढतो आणि लग्नाचे पाकिटात घालतो. आजवर कधी चूक झाली नाही. या वेळी भावोजी दुकानात येऊन उभे राहिले, त्यांची गाडी सुटणार होती, आणि पाकीट तसंच गेलं.

हे गाडीचं कारण अर्धवट आहे. पण ते पुढे लिहितो.

पहिल्या फोटोत दाराच्या पायरीवर जी म्हातारी कुत्री बसली आहे ती शेवंती. तारापूरकडच्या वसाहतीतल्या एका कुटुंबाची होती. त्यांची बदली झाली, ट्रकमध्ये कपाट गेलं, पलंग गेला, झाडांच्या कुंड्या गेल्या, ही फाटकाला बांधलेली राहिली. मी तिथे बारशाचे फोटो काढायला गेलो होतो. तिच्या गळ्यात चांगला पट्टा होता. अजून ट्रकचा आवाज आला की ती उठून उभी राहते.

दुसऱ्या फोटोत अंगावरचं पाणी झटकतोय तो वऱ्हाडी. हा सफाळ्याच्या एका वरातीमागे निघाला, तो बॅंडवाले थांबले तरी थांबला नाही. मांडवाबाहेर जेवला, आणि रात्री सामान घेऊन स्टेशनवर गेलो तर माझ्या अगोदर फलाटावर. गार्डाने विचारलं, "हा कोणाकडचा?" मी म्हटलं, "मुलाकडचा." तेव्हापासून नाव पडलं.

तिसऱ्या फोटोतला तीन पायांचा, तो तिपाई. त्याला कारखान्याच्या गेटसमोर टेंपोने उडवलं होतं.

अशी ही तीन कुत्री. तू लिहिलंस, रविवारच्या आत ती कुठेतरी सोडून ये, कुत्र्यांच्या घरात कोण मुलगी देईल. तात्याही मागे बापाच्या अधिकाराने म्हणाले होते, "फोटोवाला झालास, ठीक. आता कुत्रेवाला होऊन आमचं नाव काढ." ताई, ती सगळी एकेकदा सोडलेलीच आहेत. परत कशी सोडायची, हे मला समजत नाही.

चहा झाला. तीन वाजले.

वरचं सगळं वाचून पाहिलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नाही. तू विचारलं होतंस बाईबद्दल आणि मी कुत्र्यांची नावं सांगत बसलो.

तू लिहिलंस: "फोटोतली बाई तुझ्याकडे धुण्याभांड्याला येते, असं मी मंदाच्या आईला सांगितलं आहे. तसंच आहे ना? एका ओळीत तसं लिही, म्हणजे मी पत्र त्यांना दाखवीन. रविवारी ते लोक आपल्याकडे जेवायला येणार आहेत." ती एक ओळ लिहायला मी सोमवारपासून बसतो आहे.

तिचं नाव कमळी. मनोरच्या पुढे डोंगराकडे तिचं गाव आहे. इथे खोकी बांधायच्या कारखान्यात कामाला आहे. तिपाईला टेंपोने उडवलं तेव्हा सुटीचा भोंगा झाला होता, शंभर माणसं बाजूने गेली. हिने त्याला पदरात उचललं आणि माझं दुकान उघडं दिसलं म्हणून आत आणलं. मी एका जोडप्याला हसा म्हणून सांगत होतो. ती म्हणाली, "त्यांला मंग हसव. याला धर आदी. मी पानी आनतंय." मी धरलं. माझ्या पांढऱ्या शर्टाचं काय झालं ते विचारू नकोस. ते जोडपंही तसंच बसून राहिलं, आणि नंतर नवऱ्याने टांग्यासाठी स्वतः धावाधाव केली. जनावरांच्या डॉक्टरने पाय कापला पण कुत्रा वाचवला.

मग ती रोज सुटल्यावर त्याला बघायला येऊ लागली. भाकरी आणायची. भाद्रपदात एकदा इतका पाऊस झाला की तिच्या खोलीत पाणी शिरलं, तेव्हा माझ्याकडे राहिली. पाणी ओसरलं. ती गेली नाही, मी जा म्हटलं नाही. कोणत्या दिवशी काय ठरलं, हे मला सांगता येणार नाही. इतर सगळ्या गोष्टींच्या तारखा माझ्याकडे आहेत, हिचीच नाही.

ती माझ्याकडे धुण्याभांड्याला नाही. भांडी घासते, हे खरं. मीही घासतो. कामाला असती तर मी तिला पगार दिला असता. उलट दिवाळीत माझा फ्लॅश बिघडला तेव्हा नव्या फ्लॅशचे पैसे तिने दिले. म्हणजे मंदाचे जे फोटो तुम्हाला आवडले, करवली होऊन करा घेऊन उभी असतानाचे, त्यांतला उजेड तिच्या पैशाचा आहे.

मग ती माझी कोण? इथेच माझं डोकं चालत नाही, ताई. मार्गशीर्षात तिचा बाप जिवल्या आला होता. हातात कोंबडी आणि नव्या तांदळाची गाठोडी. भिंतीवरचे नवरा-नवरीचे फोटो एकेक करून बघत गेला.

"इतक्यांची लगनं लावलास?"

"मी लावत नाही. फोटो काढतो फक्त."

"मंग तुमचा कंदी?"

मी भिंतीवरची एक फ्रेम सरळ करू लागलो. तर तोच म्हणाला, "घाय नाय. आमचा पन पोरी झाल्यावर झाला. पयसा लागतो." कमळी आतून ओरडली, "मी नाचलीय यांच्या लगनात! मी आन माजी भयीन!" त्यांच्याकडे असं चालतं. माणसं एकत्र राहतात, शेत करतात, पोरं होतात आणि पैसा जमला की लग्न लावतात. कोणी कोणाला नावं ठेवत नाही. रात्री तो शेवंतीला पाठ लावून झोपला. सकाळी जाताना मला म्हणाला, "येतो, जावाय."

म्हणजे डोंगराकडे मी जावई आहे आणि माकुणसारला तू मला मुलगी दाखवते आहेस. दोन्हीकडे मी एकच माणूस आहे, आणि दोन्ही खरं आहे. इतकी लग्नं मी जवळून पाहिली. अंतरपाट धरणाऱ्यांच्या मध्ये उभा राहिलो, अक्षता माझ्या लेन्सवर पडल्या. लग्न नेमकं कोणत्या क्षणी लागतं ते मला कोणी विचारलं तर मी ठाम सांगायचो: अंतरपाट खाली येतो तेव्हा, कारण तो फोटो चुकला तर पैसे मिळत नाहीत. आता कोणी विचारलं तर सांगता येणार नाही.

मंदाबद्दल वाईट लिहायचं नाही. ती चांगली मुलगी आहे. लग्नात माझ्याजवळचा पंखा बंद पडला तर तिने तिच्या आजीचा माझ्याकडे वळवला, आजी रागावली तरी. तू लिहिलंस, तिने तो तिसरा फोटो दोनदा हातात घेऊन पाहिला. तिला काय वाटलं असेल, याचा मी दोन दिवस विचार करतो आहे. मला वाटतं, तिला कळलं. धुण्याभांड्याची बाई तशी बघत नाही.

मी फोटोग्राफर म्हणून सांगतो. नवऱ्यामुलींना मला सांगावं लागतं: इकडे बघा, हनुवटी वर, थोडं हसा. तरी हसू येतं ते ओठांपुरतंच. त्या दिवशी मी काही सांगितलं नव्हतं. वऱ्हाडीने तिला नखशिखांत भिजवलं होतं, तिपाई मांडीवर चढला होता, आणि ती माझ्याकडे बघून हसत होती. मी छत्तिसाव्या फोटोचं बटण दाबलं. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यात चांगला फोटो आहे.

आता अर्धवट ठेवलेलं कारण. भावोजी आले तेव्हा पाकीट टेबलावर होतं. बंद करायच्या आत मी प्रिंट मोजल्या. छत्तीस भरल्या. रोल छत्तीसचा असतो, म्हणून मनात म्हटलं, बरोबर. आणि पाकिटाला डिंक लावला. ताई, त्या रोलमधले लग्नाचे तेहतीसच आहेत, हे मला ठाऊक होतं. माप ओलांडलेला तेहतिसावा, हे मी तुला वर कुठलीही नोंद न बघता लिहिलं. मग छत्तीस बरोबर कसे वाटले? भावोजी म्हणत होते, "अरे आटप, गाडी चुकेल," पण त्यांची गाडी सुटायला अजून वेळ होता, हे मला समोरच्या घड्याळात दिसत होतं. एक कोपरा वाकडा बसला तर मला झोप येत नाही, आणि तीन फोटो मी असेच जाऊ दिले. चुकून दिले की मुद्दाम, हे मलाच कळत नाही. कदाचित तोंडाने सांगणं जमत नव्हतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी कमळीने विचारलं, "माजा त्यो फोटू आला का नाय?"

मी म्हटलं, "आला. पण तो चुकून माझ्या बहिणीकडे गेला, माकुणसारला."

ती भाकरी थापत होती. हात थांबले. मला वाटलं, आता रागावेल, नाहीतर रडेल. म्हणाली, "कंचा? भिजलेली, त्यो?"

"तोच."

"हात तुज्या! बरं लुगडं नेसलेली तरी धाडायची." मग परत थापायला लागली आणि भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "म्हंजे तुज्या आदी मीच पोचली तुज्या घरी."

मुलगी दाखवायचंही मी तिला सांगितलं. लपवलं नाही. ती म्हणाली, "जा ना. बगून ये. तुजे लोक हायत." एवढंच. नंतर कुत्र्यांना भाकरी घालताना प्रत्येकाला नेहमीपेक्षा मोठा तुकडा घालत होती. त्यावरून मी समजलो.

तेव्हा तू मागितलेली एक ओळ लिहितो: ती धुण्याभांड्याला नाही. हे पत्र मंदाच्या आईला दाखवायचं की नाही ते तू ठरव. पण मंदाला खरं काय ते सांग, आणि रविवारच्या जेवणाला त्यांना बोलवू नको. मी मात्र येणार आहे. कोणत्या तोंडाने येऊ, तिला कोण म्हणून पुढे करू, तात्यांना कोणता शब्द सांगू, यातलं काहीही ठरलेलं नाही. तुला सुचला तर तू सांग. कुत्र्यांना एक दिवस चहावाला पुंजाराम बघेल.

ते तीन फोटो परत पाठवू नकोस. ते घरचेच आहेत.

तुझा धाकटा,
हरेश्वर

ता. क. हिशोब राहिला. लग्नाच्या बिलात मी या शेवटच्या रोलच्या छत्तीस प्रिंट लावल्या होत्या, त्यांतल्या तीन माझ्या. तीन रुपयांप्रमाणे नऊ रुपये मंदाच्या वडिलांना परत द्यायचे, ते भावोजींच्या हाती देतो. कमळीचे फ्लॅशचे तीनशे चाळीस रुपये माझ्याकडे बाकी. कुत्र्यांच्या दिवसभराच्या खाण्याचे पुंजारामला सहा रुपये दिले. बोईसर ते सफाळे, म्हणजे तुमच्या स्टेशनापर्यंतच्या तिकिटांचे पैसे डब्यात वेगळे ठेवले आहेत, दोन माणसांचे. परतीचेही ठेवले आहेत. ते रविवारीच लागतील की सोमवारी, हे तुझ्यावर आहे.