रूकांना सांगायचं राहिलं

२ एप्रिल १९३२, शनिवार
आज सामान आलं. लोखंडी पलंग, दोन खुर्च्या, शिवणाचं मशीन, आईचं बायबल, पिठाची लहान गोणी, सहा कोंबड्या. गाडीभाडं सात शिलिंग सहा पेन्स, पीठ साडेचार शिलिंग, कोंबड्या नऊ शिलिंग. एक कोंबडी वाटेतच मेली. तिचे अठरा पेन्स भाड्यातून कापून घेतले तेव्हा गाडीवाला म्हणाला, बाई, तुमच्याकडे कामाला असतो तर उपाशीच मेलो असतो. मी म्हटलं, उपाशी नाही, पण लठ्ठही झाला नसतात.

देवाच्या दयेने आपलं म्हणावं असं घर मिळालं. एमसचे काका सायलस ट्रँटर फेब्रुवारीत वारले. मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यांचं खंडाचं शेत पुतण्याच्या नावावर झालं. दहा वर्षं लडलो गावातल्या दुकानात दुसऱ्यांचं बियाणं तोलणारा माझा नवरा आता स्वतःचं बियाणं पेरणार. आज तो तीनदा विनाकारण फाटकापर्यंत जाऊन आला.

स्वयंपाकघर मोठं, चूल धूर चांगला ओढते. चुलीवरच्या भिंतीत दोन खिळ्यांवर काकांची छर्ऱ्यांची बंदूक आणि दाराशी त्यांची काठी आणि बूट. बुटांची कातडी अजून दहा वर्षं टिकेल, टाकवले नाहीत. काकांची खोली वर, समोरच्या सात एल्म झाडांकडे तोंड करून. झाडांवर रूकांची शंभरेक घरटी. कावळ्याएवढेच काळे, चोचीच्या मुळाशी मात्र हाडासारखे पांढुरके. दिवसभर नुसता बाजार भरलेला असतो. सवय होईल.

५ एप्रिल, मंगळवार
म्हातारा गडी प्रीस टोपी हातात घेऊन आला. म्हणाला, मालकीणबाई, धनी गेल्याचं रूकांना अजून कुणी कळवलं नाही. घरच्या बाईने झाडाखाली जायचं, खोडावर तीनदा ठोकायचं, जुना धनी मेला, आता अमका धनी, असं नाव घेऊन सांगायचं. आणि शब्द द्यायचा, की या घरच्या माणसांशिवाय तुमच्यावर कुणी गोळी झाडणार नाही. काका या शेतावर आले तेव्हा त्यांच्या आईने सांगितलं होतं म्हणे.

मी एमसला म्हटलं, चॅपलच्या कडक धर्मशिस्तीत वाढलेल्या बाईने पाखरांपुढे कबुली द्यायची? तो बूट काढत म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे हेस्टर, सांगून टाक, प्रीसचं मन राहील. गडी नाराज झाला तर जव कोण पेरणार?

६ एप्रिल, बुधवार
गेले. प्रीस कुंपणापाशी उभा राहून बघत होता. खोडावर तीनदा ठोकलं. मग ओठ हलवत मनात तेविसावं स्तोत्र म्हटलं, आणि परत आले. एमसने विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं.

हे खोटं आहे, ते इथे लिहून ठेवते. पण मूर्तिपूजेपेक्षा लहान पाप, असं मला वाटतं. रविवारी क्षमा मागेन.

१७ एप्रिल, रविवार
रोज सकाळी सातच्या ठोक्याला तीसचाळीस रूक काकांच्या खिडकीखाली येऊन बसतात. ओरडत नाहीत. माना वर करून वाट बघतात. काका रोज सातला वरून पावाच्या कडा टाकायचे, असं प्रीस म्हणाला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, तुम्ही सांगितलंत ना नीट? मग हे अजून कुणाची वाट बघतात?

मी म्हटलं, फुकटचं खायची सवय माणसाची सुटत नाही, तिथे पाखरांची काय सुटणार.

३० एप्रिल, शनिवार
गुरुवारी चार पाव भाजले. आज मडक्यात दोन आणि एका पावाची मऊ मधली बाजू. कडा नाहीत. उंदीर कडा सोलून खात नाही. प्रीसवर संशय घेतला, देव मला क्षमा करो. सातला खिडकीखाली बघितलं, तर रूक कडा टिपत होते. वर गेले. खोलीला मीच लावलेलं कुलूप होतं. उघडलं. आत कुणी नव्हतं. खिडकी मात्र उघडी होती.

एमसला सांगितलं नाही. सांगायला लागले तर सगळंच सांगावं लागेल.

१२ मे, गुरुवार
आज पिल्लांची शिकार. पिल्लं घरट्यातून बाहेर येऊन फांदीवर बसतात, पण पंख अजून धरत नाहीत, असे चारच दिवस असतात. ते साधावे लागतात. नाहीतर हीच पाखरं पुढे जवाचं अख्खं शेत उपटून खातात. शेजारचे गॉडसल आपला मेहुणा आणि तीन रायफली घेऊन आले. एमसला म्हणाले, काय हो बियाणेवाले, रायफलीचं कुठलं टोक पुढे धरायचं माहीत आहे ना? एमस हसला. त्याने अकरा पाडली. गॉडसलनी एकोणतीस, मेहुण्याने अठरा. काका दर झाडावर थोडी राखायचे म्हणे. प्रीस ते सांगायला आला तेव्हा मीच म्हटलं, काही राखू नका, उरतील ती खारवून ठेवीन.

प्रीस मग घरी निघून गेला.

एक गोष्ट. मोठी पाखरं अशा वेळी आभाळ डोक्यावर घेतात. आज एकही ओरडलं नाही. वरच्या फांद्यांवर बसून सगळी काकांच्या खिडकीकडे बघत होती.

१३ मे, शुक्रवार
फक्त छाती आणि मांड्या, बाकी कडू. रात्रभर दुधात भिजवलं, वर बेकन, उकडलेली अंडी, मग वरून मैद्याची पारी, आणि भट्टीत. सहा पाई झाल्या. गॉडसलबाई म्हणाल्या, चॅपलवाल्यांच्या पाईमध्ये बेकन कमी आणि प्रार्थना जास्त. पण दोनदा वाढून घेतली. प्रीसला ताट पाठवलं, ते झाकलेलं तसंच परत आलं.

१४ मे, शनिवार
रूक गेले. एक नाही, दोन नाही, सगळे. सकाळी सातला झाडं गप्प. सहा आठवडे ज्या आवाजाला कंटाळले, तो नाही म्हणून आज हातातलं भांडं पडलं.

दाराशी काकांचे बूट ओले. तळाला एल्मची पानं.

१६ मे, सोमवार
गॉडसल काल त्यांच्या शेतात मेलेले सापडले. छातीत छर्रे. स्वतःचीच बंदूक सुटली असेल, असं पोलीस म्हणतो. पण ते रायफल घेऊन गेले होते. रायफलीत छर्रे नसतात.

भिंतीवरची बंदूक हुंगली. नुकत्याच जळलेल्या दारूचा वास. आमच्यापैकी कुणी ती कधी उतरवलेली नाही.

१७ मे, मंगळवार
एमस. फाटकापाशी, भर दुपारी. खांद्यात नऊ छर्रे. डॉक्टर म्हणतात, कुणी चोरटा शिकारी असेल. एमस म्हणतो, झाडाखाली कुणीतरी म्हातारं उभं होतं, काठी टेकून. ओळखीचं वाटलं, म्हणून मी हात केला, हेस्टर.

बंदूक तळ्यात टाकली.

१८ मे
बंदूक खिळ्यांवर आहे. पाणी ठिबकतंय.

प्रीसला सगळं सांगितलं. स्तोत्राचंही. तो रागावला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाला, मग त्यांच्या लेखी धनी जिवंतच आहे, मालकीणबाई. आणि त्यांच्या लेखी जिवंत, म्हणून तो आहे. शब्द त्याच्या घराने दिलेला, तो पाळतो आहे. परक्यांनी गोळी झाडायची नाही. तुमचा नवरा त्यांना परकाच, कुणी ओळख करून दिलीय?

धावत गेले. सातही खोडांवर ठोकलं, हात सोलले. ओरडून सांगितलं. वर रिकामी घरटी. प्रीस कुंपणापाशी उभा. म्हणाला, ऐकायला कुणीतरी हवं ना.

१९ मे
एमसला ताप, वरच्या खोलीत निजवलाय. जिन्यावर काठीचा आवाज. दिवसाढवळ्या. एक पायरी, मग थांबते. काल चौथीपर्यंत. आज नववी —

पायऱ्या चौदा आहेत.

एमसला सांगितलं, मी खोटं बोलले. तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम होतं गं. आणि माझा हात धरला. शिवी दिली असती तर —

२० मे
डॉर्कसचं पत्र. धाकट्या बहिणीचं नेहमीचंच, मुलांचा खोकला, कोळशाचा भाव. आणि खाली दोन ओळी. तिच्या घरामागच्या चर्चच्या आवारात शनिवारपासून रूकांचा मोठा थवा उतरलाय. ओरडत नाहीत म्हणे. नुसते आमच्या दिशेला तोंड करून बसतात.

देवा. तिथे आहेत.

तेरावी पायरी.

२१ मे
प्रीस फाटकात थांबलाय, चारचं टपाल गाठेल. एमसला हलवता येत नाही, मला सोडून जाता येत नाही. पत्राचा कागद संपला, हेच पान फाडून खिडकीतून त्याच्याकडे टाकणार आहे.

डॉर्कस, मला वेडी म्हण, पण आधी जा. हे वाचशील त्या क्षणी. मोठ्या झाडाखाली. खोडावर तीनदा ठोक. मोठ्याने म्हण, सायलस ट्रँटर मेला. फेब्रुवारीत मेला. आता धनी एमस ट्रँटर. हेस्टरने सांगायला हवं होतं, तिने सांगितलं नाही. दोष तिचा, त्याचा नाही. हे शेवटचं विसरू नकोस. स्तोत्र म्हणू नकोस, मनात म्हणू नकोस, मोठ्याने —

दारावर काठी टेकली आहे. मी पाठ लावून बसले आहे. एमस विचारतो, कोण आलंय. काय सांगू —

त्यांनी ऐकलं की नाही, ते उलट टपाली कळव. डॉर्कस, उलट टपाली, नुसतं एवढंच लिही की ऐक —