थोरले, धाकटे आणि पावतीवरची जागा

३ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तुझ्या वहिनीचा गुडघा वगळून.

काल शाळेच्या मुख्याध्यापिका दुकानात आल्या. मनोऱ्यावरच्या घड्याळाचं वर्षाच्या देखभालीचं काम काढलंय, पण शाळा आता रोख देत नाही, चेकही नाही, फक्त कार्ड. माझ्याकडे यंत्र नाही म्हटल्यावर म्हणाल्या, तुमच्या भावाकडे आहे ना, त्यांना सांगते. माझ्याच गल्ल्यासमोर उभ्या राहून!

ते घड्याळ बाबांनंतर मी सांभाळलं. मी वर दातेरी चाकांत हात घालायचो, तेव्हा तू खाली उभा असायचास. आणि आता नव्या बाजारात काचेचं दार लावून बसलास म्हणून घड्याळ तुझं? वहिनी उठताबसता तुझ्या यंत्राचं कौतुक सांगते, कसं टुं वाजतं म्हणून. टुं तर घुबडही करतं.

हा कार्डाचा प्रकार मी स्वतः वाचून समजून घेतलाय, कुणी शिकवला नाही. शंभरामागे दोन बसल्याजागी दुसऱ्याला द्यायचे. भिंगातून केसाएवढी स्प्रिंग बघणाऱ्या माणसाला ते दोन दिसत नाहीत असं समजू नकोस.

घड्याळ घेणार आहेस का? हो की नाही, एवढंच लिही.

तुझा,
दादा


९ जून

ति. दादास,
सा. न. वि. वि. वहिनींच्या गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

बाईंचा निरोप आला. महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली आहे. होही म्हटलं नाही, नाहीही.

त्या दोनांबद्दल. ते कुणी एकटा खात नाही. गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक सर्वांत मोठा घास घेते, कारण उधारीचं कार्ड असेल तर गिऱ्हाइकाच्या आधी पैसे तीच मोजते. दोन बँकांमधला रस्ता ज्या कंपनीचा, ती चिमूटभर घेते. उरलेलं माझी बँक ठेवते, शिवाय यंत्राचं भाडं वेगळं. खात्यातून थेट जाणाऱ्या कार्डावर कपात कमी, उधारीच्या कार्डावर जास्त. गिऱ्हाइकाने बँकेकडे तक्रार केली तर आलेले पैसे परतही ओढले जातात, म्हणून पावत्या जपून ठेवतो. हजाराच्या कामाला मी वीस चढवूनच सांगतो, म्हणजे मला हजार पुरे पडतात.

गेलेले दोन तुम्हाला दिसतात, आलेले अठ्ठ्याण्णव दिसत नाहीत. आणि मी खाली नुसता उभा नव्हतो. शिडी धरून होतो.

माया आहे तेवढी असू द्यावी.

आपला,
धाकटा


१४ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

आधी हिशेब. कपात हजारावर होत नाही, एक हजार वीसवर होते. म्हणजे तुला हजार पुरे पडतच नाहीत, चिल्लर तुझ्याच खिशातून जाते. हजाराला अठ्ठ्याण्णवने भागून शंभराने गुणावं. चूक काढली म्हणून राग धरू नकोस. धरलास तरी गणित बदलणार नाही.

आता मुख्य. शेजारचा चष्मेवाला रोज माझ्याकडे चहा पितो आणि घड्याळ तुझ्याकडे दुरुस्त करून आणतो. आणलं तर आणलं, वर तुझी पावती दाखवून विचारतो, दुसरं दुकान कधी काढलंत? बघतो तर काय, पावतीवर छापलंय, 'थोरले घड्याळवाले'. बाबांनी दोन्ही लेकरांसाठी 'थोरले-धाकटे घड्याळवाले' अशी पाटी रंगवली, आणि तू त्यातलं माझं तेवढं उचललंस! गिऱ्हाइकं नेलीस, घड्याळ नेतो आहेस, आता नावही?

उलट टपाली खुलासा पाठव.

दादा


१९ जून

ति. दादास,
सा. न. वि. वि.

बँकेच्या अर्जात नावाला चौकोन मोजकेच होते. पाटीवरचं नाव मावेना, म्हणून कारकुनाने मधलं 'धाकटे' उडवलं. झालं ते एवढंच.

तुम्हाला राग आला की तुमचं नाव गेलं. माझं तर छापलंच नाही. चार वर्षं माझ्याच दुकानात गिऱ्हाइकं पावती वाचून मला थोरले म्हणतात. एकाने तर विचारलं, धाकटे काय करतात? मी म्हटलं, शिडी धरतात.

दुकानाचा परवाना अजून दोघांच्या नावावर, त्यामुळे दुरुस्तीला तुमची सही लागते. कागद तीनदा पाठवला. वहिनींनी कळवलं की बँकेचं पाकीट दिसलं की तुम्ही जाहिरात समजता आणि त्याने हाताचं तेल पुसता. चौथ्यांदा पाठवतो आहे. कृपया याने काही पुसू नका.

बाईंना तीस तारखेला उत्तर द्यायचं आहे. काय देऊ, ते तुम्हीच सांगा.

धाकटा


२६ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

कागद पाठपोट वाचला, बारीक अक्षरांसकट. सही करत नाही. तुझ्या पावतीवर मी आहे तिथेच बरा आहे.

बाईंना तू नाही कळव. काम माझ्याकडे आलं. मी यंत्र घेतलं. आकडा अठ्ठ्याण्णवने भागूनच सांगितला, बाईंनी तो मान्य केला. अर्जातले चौकोन आधी पेन्सिलीने मोजले, मग नाव लिहिलं, 'धाकटे घड्याळवाले'. कारकुनाने दोनदा विचारलं, तुम्ही तर थोरले ना? मी म्हटलं, घरचा मामला आहे, तुम्ही चौकोन भरा.

म्हणजे मनोऱ्याच्या घड्याळाची पावती तुझ्या नावाने निघणार. आपलं नाव दुसऱ्याने गावभर मिरवलं की कसं वाटतं, ते तुलाही कळू दे.

रविवारी ये. तू वर जा, शिडी मी धरीन. मोठ्या काट्याला मात्र हात लावू नकोस. तो माझा आहे.

यंत्र खरंच टुं वाजतं. वहिनीला सांगू नकोस मी असं लिहिलं.

मायेत कपात नको, एवढंच मागणं.

तुझा,
दादा