केंट्रेलच्या डाव्या हाताला कोण?

मुक्काम मासळीचा कारखाना, अलास्का
ऑगस्टचा पहिला आठवडा

तीर्थस्वरूप ओझेला मावशीस लॅव्हेलचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे नुसतं लिहायची पद्धत म्हणून लिहिलेलं नाही. इथल्या फरशीवर माशांचं बुळबुळीत पाणी इतकं असतं, की दिवसातून एकदा तरी मी तो घालतोच, आणि घालताना तुझंच नाव घेतो.)

तुझे गुडघे कसे आहेत? अजून डावाच दुखतो, की आता दोघे पाळ्या लावून दुखतात? मक्याच्या गोदामात कणसं निवडायला आता तरी बसायला स्टूल देतात का? पाद्रीबाबांचा खोकला, शेजारच्या मिस अर्लीनचा कोंबडा आणि मिस अर्लीनची जीभ, तिन्हींची खुशाली कळव. कोंबडा मेला असेल तर माझ्या वाटचं दुःख तूच कर, मला ते जमायचं नाही. पाकीट बघून तू म्हणाली असशील, "हे पायाला भिंगरी लागलेल्याचं पत्र? काय करून बसला आता?" तर काही करून बसलेलो नाही. फोन न करता पत्र लिहितोय त्याचं कारण एवढंच, की फोनवर तू मध्ये बोलतेस.

मी इथे अगदी स्थिरावलोय. (हसू नकोस.) उसाच्या ट्रकवर टिकलो नाही, टायरच्या दुकानात टिकलो नाही, जॉर्जियातल्या कोंबड्यांच्या कारखान्यात तर कोंबड्या माझ्यापेक्षा जास्त दिवस राहिल्या. पण इथे टिकलो. एक तर या गावाबाहेर पडायला बोट लागते आणि बोट रोज नसते. दुसरं म्हणजे काम माझ्या शिक्षणाला शोभेसं आहे. पट्ट्यावरून पोट फाडलेला सामन मासा येतो, मी त्याच्या आतलं रक्त चमच्याने खरवडतो आणि पुढे ढकलतो. नाश्त्याला भात आणि सामन, जेवायला सामन आणि भात. सूर्य तर मावळायचा इतका कंटाळा करतो, की त्याला तुझ्याकडून दोन शब्द ऐकवावेसे वाटतात. समोरच्या डोंगरांवर बर्फ आहे. आलो त्या दिवशी मला वाटलं, ऊस जाळलाय. आपल्याकडे फड पेटवला की राख उडून तुझ्या दोरीवरच्या चादरींवर बसते ना, ती पांढरी असती तर अशीच दिसली असती. मी बराच वेळ बघत उभा राहिलो, मग मागून मासे साचले आणि बोलणी खाल्ली.

मालक माझ्यावर फार खूश आहेत. मोसम संपला की हिवाळाभर बर्फाचं गोदाम सांभाळायला इथेच राहा म्हणून मागे लागलेत. तेव्हा नोव्हेंबरात मला काही येता यायचं नाही. (नोव्हेंबर आपलं सहज लिहिलं. नोव्हेंबरात काही आहे म्हणून नव्हे.)

माझ्या खाटेशेजारी मी केंट्रेलचा पेपरातला फोटो चिकटवलाय. तोच, ज्यात तो हवेत आडवा झालाय आणि खाली समोरच्या संघाचा पोरगा रिकाम्या हातांकडे बघत बसलाय. आमचा मुकादम बेनिग्नो, फिलिपिन्सचा म्हातारा, बास्केटबॉलवर वाढलेला. तो एकदा फोटोसमोर थांबला.

"हा कोण?"

"माझा मावसभाऊ. कॉलेजात फुटबॉल खेळतो, चेंडू हाताने फेकायचा-झेलायचा तो. मागच्या फळीत त्याच्यासारखा दुसरा कोणी नाही. यंदा शेवटचं वर्ष."

"करतो काय नेमकं?"

"समोरचा गडी चेंडू पकडायला पळतो. हा त्याच्या पुढ्यात उलट्या पावलांनी पळतो आणि त्याला चेंडू मिळू देत नाही."

"मग चेंडू ह्याला मिळतो?"

"कधीकधी."

"म्हणजे दुसऱ्याचं होत आलेलं काम बिघडवायचं, एवढंच?"

"एवढंच."

"आणि ह्यासाठी कॉलेज फुकट?"

"फुकट."

बेनिग्नोने फोटोकडे पुन्हा बघितलं. म्हणाला, "माझा जावई घरबसल्या हेच करतो. त्याला कोणी विचारत नाही."

आता अशा माणसाला काय सांगायचं? मी त्याला ससे सांगितले. फड पेटला की गावची सगळी पोरं बांधावर कशी रांगेत उभी राहायची, धुरातून ससे कसे सुटायचे, आणि आम्ही त्यांच्यामागे त्या काळ्या भुसभुशीत मातीत कसे पळायचो. ससा तोंड एकीकडे करतो आणि जातो दुसरीकडे. कान तर देवाने त्याला लोकांना फसवायलाच दिलेत. पण कंबर खोटं बोलत नाही. कंबर जिकडे वळली तिकडे ससा जाणारच, आणि माणसाचंही तसंच. केंट्रेल गुडघ्याएवढा होता तेव्हापासून मी मागून ओरडायचो, "कंबर बघ रे, कंबर!" आज कॉलेजचे मोठे पगारी कोच त्याला हेच सांगतात, फक्त शिट्टी वाजवून. तर हे त्याला मी शिकवलं. त्याच्या बापाने, रॉस्को काकांनी नव्हे. (तेही सहज लिहिलं. काका तेव्हा मोबीलच्या बंदरात बोटीवर होते आणि "येतोच" म्हणत होते. केंट्रेल चालायला लागल्यापासून ते येतच होते.)

पण तुला आठवतं ना त्याची खोड? सगळ्यांत आधी ससा त्याच्याच हाती लागायचा. मग तो त्याला छातीशी धरून बघायचा, ससा त्याच्याकडे बघायचा, दोघांचं काहीतरी ठरायचं आणि हा सोडून द्यायचा. मी मात्र धापा टाकत, तोंडाला काजळी फासून, एखादा म्हातारा लंगडा ससा आणायचो. तो तू कांदा घालून शिजवायचीस, आणि ताटावर बसून सगळ्यांत जास्त खायचा कोण? केंट्रेल. "ह्याला मी ओळखत नव्हतो," म्हणायचा.

संध्याकाळी गोदामामागच्या गल्लीत आमचा खेळ. तुझी लेक शेव्हाँडाताई चेंडू फेकायची (तिच्यासारखा हात अजून गावातल्या एका पोराला नाही), मी पकडायला पळायचो आणि केंट्रेल तो पाडायचा. आठवतंय तेव्हापासून मी पळतोय आणि तो पाडतोय. मावशी, खरं सांगतो, त्या गल्लीत मी आयुष्यात काही पकडलं नाही. लोक म्हणतात त्याच्या अंगात जन्मजातच आहे. असेल. पण हात माझ्यावर साफ केलाय. आणि तो पाडला की बोट नाचवायचा, "नाही नाही नाही", तेही माझ्या नाकासमोर. पुढे पुढे ती सवय घरात सगळ्यांनाच लागली. टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला कोणी मक्याचा पाव फेकला, की मधला पाडणार. शेवटी तू कायदाच केलास, "या घरात वस्तू हातात द्यायची. फेकेल तो उपाशी." तरी शेव्हाँडाताईच्या लग्नात व्हायचं ते झालंच. नवरीने पाठ करून गुच्छ फेकला, मागे पोरी हात पसरून उभ्या, आणि सूट घातलेला केंट्रेल कुठूनसा उडाला आणि त्याने गुच्छ असा चापटला, की तो थेट मासे तळायच्या कढईत. मिस अर्लीन म्हणाली होती, "आता या गावात कोणाचं लग्न जमायचं नाही." मी त्या वेळी पोट धरून हसलो. आज इथे ते आठवलं की हसू येतं आणि मग जरा वेळ काहीच येत नाही.

लग्नावरून आठवलं. इथे मागच्या आठवड्यात एक गंमत झाली. आमच्यात जॉर्जियाचा एक पोरगा आहे, स्वभावाने चांगला. धक्क्यावर बेनिग्नोने पलीकडच्या ड्रायव्हरला माल उचलायच्या गाडीच्या किल्ल्या फेकल्या. त्याच जुडग्यात बर्फाच्या गोदामाचीही किल्ली. मधून हा जॉर्जियाचा पोरगा चालला होता. डोक्यावरून काहीतरी जातंय एवढंच त्याला दिसलं आणि गड्याने अशी उडी घेतली म्हणतेस! चापट मारली, किल्ल्या सरळ समुद्रात, आणि पाय जमिनीला लागतात न लागतात तोच तो बेनिग्नोच्या नाकासमोर बोट नाचवत, "नाही नाही नाही!" मग त्याला कळलं आपण कुठे आहोत. गोदाम बंद, गाडी बंद, मासे उन्हात आणि वर झाडून सगळे समुद्रपक्षी. बेनिग्नोने वाकून पाण्यात बघितलं. मग शांतपणे म्हणाला, "माझ्या जावयाला कळवतो. त्याला भाऊ मिळाला."

असो. केंट्रेलचं ऐकून मला बरं वाटलं. गेल्या मोसमानंतर पैसेवाल्या संघांची माणसं तुझ्या ओसरीवर येऊन लिंबाचं सरबत पिऊन गेली, "आत्ताच ये" म्हणाली, आणि हा म्हणाला, आईला शब्द दिलाय, आधी पदवी, मग बाकीचं. अख्खं गाव म्हणालं, पोरगं खुळं आहे. मला फोनवर शेव्हाँडाताईने सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, याने परत ससा सोडला.

तर आता शेवटचं वर्ष. म्हणजे नोव्हेंबरात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, आणि सामन्याआधी शेवटच्या वर्षाच्या पोरांचा मान. तू मला एकदा नेलं होतंस तो बघायला, केंट्रेल पहिल्या वर्षाला असताना. एकेक पोरगा मैदानाच्या बोगद्यातून बाहेर यायचा, एका हाताला आई, दुसऱ्या हाताला बाप किंवा आजोबा, आणि माईकवरून तिघांची नावं. तू कोणाच्या कोणाच्या पोरांसाठी रडत होतीस, आणि माझ्या बाहीला डोळे पुसत होतीस. माझं नाव माईकवरून आजवर एकदाच घेतलं गेलंय, शाळेत, हेडमास्तरांनी, आणि त्यानंतर मी शाळेत गेलो नाही.

शेव्हाँडाताई सांगत होती, रॉस्को काका आलेत म्हणे गावात. कॉलेजच्या रंगाची टोपी घालून चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसतात, आणि तुझ्या रताळ्याच्या गोड केकचे दोन तुकडे खाऊन "माझा मुलगा, माझा मुलगा" चाललेलं असतं. चांगलं आहे. घरी आलेल्याचं करावंच. माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही. टोपी त्यांना मोठी होते, असं ताई म्हणाली, मी नव्हे.

बाकी क्षेम. मी तिकडे नसलो तरी काळजी करू नकोस, मन इथे पक्कं लागलंय. जिन्याची खालची पायरी हलते, ती कोणाकडून तरी ठोकून घे. काकांना येत असेल तर त्यांच्याकडून.

तुझा आज्ञाधारक (हे हसण्यासाठी),
लॅव्हेल

ता. क. जॉर्जियाचा पोरगा म्हणजे मीच. जॉर्जियाहून आलो, म्हणून इथे सगळे मला जॉर्जियाच म्हणतात, तेव्हा अगदीच खोटं लिहिलेलं नाही. बर्फाच्या गोदामाचं मालक मागे लागलेत हे खरं आहे, पण ते किल्लीसाठी. मला रजा मिळालीय. रजा मोठी आहे, संपायची नाही. हे पत्र मी धक्क्यावर बसून लिहितोय आणि बोट दिसायला लागलीय. खालची पायरी कोणाला ठोकायला देऊ नकोस.

आणखी एक, आणि खरं म्हणजे हेच लिहायला बसलो होतो. त्या दिवशी त्याच्या उजव्या हाताला तू असशील. डाव्या हाताला कोण, ते अजून ठरलं नसेल तर माझं नाव सुचवशील का? त्याला थेट विचारायची मला हिंमत नाही. तो हसून हो म्हणेल, आणि मनातून म्हणाला की नाही ते मला कळायचं नाही. तुला त्याची कंबर कळते. त्याला काकाच हवे असतील तर मला वाईट वाटणार नाही. (वाटेल. पण बाप बाप असतो, आणि इतकी वर्षं वाट बघितल्यावर पोराला एकदा वाटणारच.) मग मी कुंपणाबाहेर उभा राहीन आणि तिथून ओरडीन. काय ओरडीन ते त्याला माहीत आहे.

शेवटचं. त्या दिवशी आईला फुलांचा गुच्छ देतात. मी कुंपणाबाहेर असलो तर तो कसाही देऊ देत. पण मी आत असलो, तर आधीच सांगून ठेव, हातात द्या, लांबून फेकू नका. एका बाजूला तू, मध्ये तो, त्याच्या पलीकडे मी. सवय आहे मावशी, हात आपोआप वर जातो.