आई आहे तशीच

सोमवार, ११ नोव्हेंबर
नऊच्या ठोक्याला प्रेमराज सरांचा फोन. दर सोमवारी येतोच.
"सारिका, आईंची तब्येत?"
"आहे तशीच, सर."
मग मुद्द्याची गोष्ट. एक डिसेंबरपासून सगळ्यांनी जळगावच्या ऑफिसात हजर व्हायचं. कंपनीच्या हेल्पलाइनचे फोन घरून घेणारे दोघे भर दुपारी गायब असतात, आणि शेतकरी बियाण्याची तक्रार घेऊन नुसता 'प्रतीक्षा करा' ऐकत बसतो! "आईंचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आहे तोवर तुम्हाला सूट. फक्त आईंसाठी, हं."
अर्धांगवायूने आई दोन वर्षं पलंगावर. तिला भरवायचं, कूस बदलायची, मधल्या वेळात फोन घ्यायचे. देवपूर सोडून रोज दोन तासांवरच्या जळगावला जाणार कशी मी?

रविवार, १७ नोव्हेंबर
आई गेली. सकाळी साडेसातला. दुसऱ्या चमच्याचा चहा ओठांतून बाहेर आला — मला वाटलं ठसका लागला.

सोमवार, १८ नोव्हेंबर
नऊला फोन वाजला. मी उचलला नाही. मेसेज केला — 'आईला दवाखान्यात नेलंय. तीन दिवस सुट्टी हवी.'
असं का लिहिलं? 'गेली' हा शब्द बोटांतून उतरेना म्हणून, हे खरं. पण पुरतं खरं नाही. समोर आबा, माझे वडील, बसले होते. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते आबा. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. काल स्मशानातून आले ते खुर्चीत बसले. तोंडातून एक अक्षर नाही, डोळ्यांत टिपूस नाही. आबांसाठी कोण देणार मला प्रमाणपत्र? ते आजारी थोडेच आहेत!
सरांचं उत्तर लगेच — 'काळजी घ्या. देव बरं करेल.'

गुरुवार, २१ नोव्हेंबर
कामाला लागले. पहिलाच फोन शिरपूरकडचा — "ताई, हरभरा उगना नही!" बॅग नंबर विचारला, पेरणीची तारीख विचारली. माझी कुठलीच तारीख कुणी विचारली नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर
"आईंची तब्येत?"
"आहे तशीच, सर."
बोलून गेल्यावर क्षणभर बरं वाटलं. खरंच बरं वाटलं! आतल्या खोलीत ती आहे असंच वाटलं. मग आत गेले. पलंगावरची गादी चुलतभावाने, भूषणने, कधीच उचलून नेलीय.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर
आज आईचं तेरावं. सुट्टी कशी मागू? घरात माणसं आणि अकराला सरांची ऑनलाइन मीटिंग. आतल्या खोलीत दार लावून बसले. बाहेर शेजारच्या झुंबरबाईंनी आईचं नाव घेऊन गळा काढला. मी माइक बंद करून बाहेर गेले आणि म्हणाले, "कुणी रडू नका, माझी मीटिंग चालू आहे."
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. झुंबरबाईंनी पदर तोंडात धरला. आबा उठून गच्चीवर गेले.
परत येऊन बसले तर सर म्हणत होते, "सारिका, आवाज फार पडलाय तुमचा. शेतकऱ्याशी जरा हसून बोलत जा."
"हो सर."
हसून दाखवलं.

सोमवार, २ डिसेंबर
आहे तशीच, सर.

बुधवार, ४ डिसेंबर
मी न्हाणीघरात होते. मधेच सरांचा फोन आला, तो आबांनी उचलला. दाराआडून त्यांचं बोलणं ऐकू आलं —
"बरी शे, साहेब. आत्तेच चहा पिनी. झोपेल शे."
सतरा दिवसांनी आबा बोलले, आणि बोलले ते हे! फाटकी नोट देऊनसुद्धा कधी कुणाला फसवलं नाही या माणसाने. बाहेर आले तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला. वर पाहिलं नाही. त्यांना सगळं माहीत होतं तर. पातळ भिंती आमच्या.
आज जेवले नाहीत. मीही नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर
सांगून टाकलं. मीच फोन लावला.
"सर, आई सतरा नोव्हेंबरलाच गेली."
सर म्हणाले, "म्हणजे त्या मीटिंगच्या दिवशी..."
"तेरावं होतं."
ओरडले असते तर सोपं गेलं असतं. हळूच म्हणाले, "माझी आई रोज सकाळी सामायिकात, जपाला बसली की, तुमच्या आईंचं नाव घेते, सारिका. आजही घेतलं. आता घरी जाऊन तिला काय सांगू मी?"
मला नुसते हुंदके देता आले. आबांचं सांगितलं, तुटक तुटक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
"नोकरी जाणार नाही. पण तुमच्या शब्दावर आता मी वरच्यांकडे काय मागू? सोमवारपासून इथं या."
कठोर म्हणू का त्यांना? नाही म्हणवत.

रविवार, ८ डिसेंबर
आबांना सांगितलं, उद्यापासून जळगाव. सहाची गाडी. झुंबरबाई दुपारी डबा गरम करून देतील, अधूनमधून डोकावतील. आबांनी मान हलवली. शर्टाची बटणं एक घर चुकलेली होती, ती मी सरळ लावली. या माणसाला टाकून मी चाललेय.

सोमवार, ९ डिसेंबर
गाडीत पारोळ्यापर्यंत उभी. ऑफिसात माझ्या जुन्या टेबलावर रिकामे खोके ठेवलेले. सर आले, खोके स्वतः उचलून बाजूला केले. दुपारी घरी तीनदा फोन लावला. आबांनी उचलला नाही. झुंबरबाईंना लावला तर म्हणाल्या, "शेतस घरमा, पन दार उघडत नहीत." घरात असून दार उघडत नाहीत! उरलेला दिवस कसा काढला ते मलाच माहीत.

सोमवारच. घरी पोचल्यावर.
दार आबांनीच उघडलं. डोळे सुजून लाल, आवाज पार बसलेला. मी घाबरून हात धरला — काय झालं, आबा?
"काही नही, बेटा," म्हणाले. "इतला दिन तू घरमा, कानले फोन. कसा रडू मी? आज पोट भरीसन रडनू."
मी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.