बंद पडलेल्या टीव्हीचं टिंब

बाबा, द्वारकेच्या घरातली ती खिडकी अजून वाजते. आई म्हणते, कबुतर असेल. असेलही. पण तुम्ही मार्करच्या टोपणाने काचेवर टकटक करायचात ना, "इकडे बघ" म्हणून, अगदी तस्संच. मी दर वेळी वळून बघते आणि दर वेळी स्वतःवरच चिडते.

सोसायटी तेव्हा अर्धी रिकामी होती, पाणी टँकरने यायचं, आणि बाजारात परदेशी टीव्ही नुकते येऊ लागले होते. तुमचं सर्वेक्षणाचं ऑफिस दरवर्षी लोकांना विचारायचं, हा टीव्ही आणि तो टीव्ही तुम्हाला किती वेगळे वाटतात? त्या उत्तरांवरून तुम्ही नकाशा काढायचात. सारखे वाटणारे टीव्ही जवळ, वेगळे वाटणारे लांब, प्रत्येकाचं एक टिंब. एकेका वर्षाचा एकेक पारदर्शक कागद. रविवारी चहा झाला की आपण ते खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायचो, कोण कुणापासून लांब गेलं ते बघायला. एकदा मी ओरडलेच, "बाबा, हा बघा, इकडून थेट तिकडे गेला!" तुम्ही हसलात. "अगं वेडाबाई, कागद उलटा धरलायस. तो जागचा हललासुद्धा नाही." मग समजावलंत. लोक फक्त अंतरं सांगतात, जागा सांगत नाहीत. कागद फिरवा, उलटा करा, अंतरं तीच. दोन टिंबं लांब गेली तर त्यातलं सरकलं कोण, हे कागद सांगत नाही. एखादं टिंब धरून ठेवावं लागतं, मग बाकीच्यांची चाल दिसते. तुम्ही धरायचात तो लाकडी शटरचा जुना टीव्ही. त्याची कंपनीच बंद पडलेली. साहेब कुरकुरायचे, "अरे भाई, मार्केट में है ही नहीं, हटाओ." तुमचं ठरलेलं उत्तर, "लोगों के दिमाग में है, सर."

मी आता द्वारकेशेजारच्याच गुडगावात तेच काम करते. कागद गेले, पडद्यावर टिंबं आपोआप चालतात. पण तुमच्या शेवटच्या वर्षांत आपल्यात जे अंतर पडलं ते मला अजून वाचता येत नाही. तुम्ही गप्प होत गेलात, की माझे रविवार कमी होत गेले? आई म्हणते, "तुलाच वेळ नसायचा गं." मला मात्र आठवतं, मी नव्या नोकरीचं सांगत होते आणि तुम्ही पेपर उघडलात. उलटं धरलं की उलटं दिसतं. विचारायला तुम्ही नाही, आणि हे मला छळतं.

म्हणून एक करते. नकाशा तयार झाला की त्यात एक बिननावाचं, न हलणारं टिंब ठेवते. ते तुम्ही. थोडा वेळ बघते आणि पाठवायच्या आधी पुसते. काल पुसायचं राहिलं. मीटिंगमध्ये टीममधल्या मुलीने विचारलं, "मॅम, ये वाला कौन सा है? सब चल रहे हैं, ये हिल ही नहीं रहा." मी पडद्याकडेच बघत म्हटलं, "पुराना है. बंद हो गया."

"तो हटा दूँ?"

मी हो म्हटलं. संध्याकाळी फाइल परत आली, नकाशा स्वच्छ. बाबा, मी ते टिंब पुन्हा ठेवलं. फक्त आधीची जागा काही केल्या आठवेना.