केळुसकरांची डिग्री आणि माझा घसा

सोमवार, २१ जानेवारी १९५७
रविवारी करी रोडला संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा. आधी पोवाडा, आणि तो मी म्हणणार! इतके दिवस गुणाजी शाहिराच्या मागे झील धरली, आता डफ माझ्या हातात. नेमका आजच घसा बसला. चाळीतले डॉ. केळुसकर म्हणाले, रविवारपर्यंत मौन पाळा, नाहीतर महिनाभर आवाज जाईल. डिग्री मोठी आहे, मान्य. पण हाच गृहस्थ गणपतीत म्हणाला होता, द्विभाषिक राज्य थोडं चालवून बघायला काय हरकत आहे! ज्याला मुंबई कुणाची हे कळत नाही, त्याला माझा घसा काय कळणार?

मंगळवार
काष्ठौषधीवाल्या तात्यांना दाखवलं. म्हणाले, बसलेला आवाज ओरडूनच उठतो. पहाटे मैदानात खच्चून ओरडायचं, वर सुंठ-मिरीचा काढा. किती शास्त्रशुद्ध! मोर्च्यात लाठी खाल्लेला माणूस आहे. मालन म्हणाली, लाठी गुडघ्याला लागली होती ना, मग घशातलं कधी कळायला लागलं? बायकोशी वाद घालत नाही. घसा जपायचाय.

बुधवार, सकाळी
ओरडलो. काढा प्यालो. कान गरम. आवाज जरा खाली गेलाय. तात्या म्हणतात, वर येण्याआधी जातोच.

शुक्रवार
जिन्यात केळुसकर भेटले. ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मी मुद्दाम ‘झालाच पाहिजे’ म्हणालो. त्यातला फक्त ‘पा’ बाहेर आला. काढा डबल केला.

रविवार
सभा झाली. डफावर थाप मारली, तोंड उघडलं, नुसती हवा. समोर अख्खी चाळ. पुन्हा थाप, पुन्हा हवा. गुणाजीने हळूच डफ काढून घेतला आणि पोवाडा असा काही म्हटला की टाळ्या थांबेनात. मी झील धरायलाही निकामी. फार वाईट वाटलं. सगळ्या मैदानाने ‘झालाच पाहिजे’ म्हटलं, तेव्हा मी एकटाच गप्प.

सोमवार, २८ जानेवारी
मालनने दंडाला धरून केळुसकरांकडे नेलं. बाकावर कोण? तात्या! हातात मिक्श्चरची बाटली. मालनने विचारलं, तर म्हणाले, घसा धरलाय, आणि आपल्याला तर बाई केळुसकरांशिवाय कुणाचं औषध लागूच पडत नाही. मस्तक फिरलं. तोंडावर सुनवायचं होतं, पण आवाज कुठाय?
महिनाभर मौन सांगितलंय. आवाज आला की पहिलं काम: तात्या समितीशी खरोखर एकनिष्ठ आहेत का, याची चौकशी.