सासूबाईंचा पाट

सोमवार संध्याकाळ, सेंगकांग

सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडलं, खुब्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या अगदी खाली. काल सत्यनारायणाला पाटावर बसल्या आणि उठताना कोसळल्या. जमिनीवर बसू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पुण्याहून आलेले चुलतसासरे म्हणाले, "खुर्चीवर बसून कसली पूजा? आत धातू आहे, त्याला काय होतंय?" धातूला काहीच झालं नाही, भोवतालचं हाड फुटलं. आज हेच गृहस्थ हॉस्पिटलात डॉक्टरांना ऐकवत होते, सांधा हलक्या प्रतीचा असणार. लाज कशी वाटत नाही? नवऱ्यानेही मान डोलावली, नंदीबैल. आणि मी? खुर्ची सरकवून पाट मीच मांडला. सासूबाईंनी आधी पाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हसून त्यांचा हात धरला आणि त्यांना खाली बसवलं.